टाकीचा सातबारा

"टाकी बदलायची आहे," असं पुण्यात कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची काळी टाकी उभी राहते. मग प्लंबरचा नंबर मिळतो, कितव्या मजल्यावर पाणी कमी चढतं याची हकिगत मिळते आणि खर्च सोसायटीनं करायचा की ज्याचा त्यानं, यावर न मागता मतही मिळतं. कोथरूडमधल्या आपल्या गिटारवाल्यानं हे सगळं तीन वेळा ऐकून घेतलं. त्याच्या टाकीत पाणी नव्हतंच. ती होती गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली, म्हणजे अ‍ॅम्पमधली, पत्र्याची, शाळेतल्या फूटपट्टीच्या जवळजवळ दीडपट लांब, एका बाजूनं उघडी आणि आतून बरीचशी रिकामी. रिकाम्या जागेत चार बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. त्यांनी आयुष्यभर एकच काम करायचं: दहा बाय बाराच्या खोलीत वाजणारी गिटार मोठ्या दालनात वाजते आहे, असं कानाला पटवायचं.

हे दालन एका संध्याकाळी अचानक नाहीसं झालं. अ‍ॅम्पच्या पुढच्या पट्टीवर 'रिव्हर्ब' नावाचं गोल बटण असतं. तिनावर ठेवलं तर स्वरामागे हलकीशी सावली येते, सातावर ठेवलं तर देवळाचा गाभारा. त्या संध्याकाळी दहावर नेऊनही स्वर जागच्या जागी मरत होता. बाकी अ‍ॅम्प उत्तम, आवाज मोठा आणि स्वच्छ. त्यामुळे या दुःखात घरातलं कुणी सामीलही होऊ शकत नव्हतं.

"येतोय की रे आवाज," आई म्हणाली.

बायको म्हणाली, "मला तर आधीपेक्षा बरा वाटतोय."

अशा वेळी जाणकार अ‍ॅम्पला एक चापट मारून बघायला सांगतात. सल्ला अघोरी वाटला तरी त्यामागे तर्क आहे. टाकी शाबूत असेल तर धक्क्यानं आतल्या स्प्रिंगा खडबडतात आणि स्पीकरमधून वीज कडाडल्यासारखा आवाज येतो. जमैकात, किंग्स्टनमध्ये, किंग टबी या ध्वनितंत्रज्ञानं १९७० च्या दशकात डब संगीतासाठी हा कडकडाट मुद्दाम वापरला. यंत्राला ठोसा दिला की गाण्यात वीज पडायची. तेव्हा कडकडाट आला, तर टाकीची बाहेर पडणारी बाजू आणि तिच्या पुढचं सगळं जिवंत आहे, दोष आत शिरणाऱ्या बाजूला शोधायचा. नाही आला, तर उलट. आपल्या माणसानं चापट मारली. कडकडाट झाला नाही. शेजारच्या काकूंनी मात्र "काय पडलं?" म्हणून विचारलं.

इथं खरं तर शांतपणे एकेक तार तपासायला हवी होती. पण गिटारवाल्यांच्या पंथात निकाल आधी लागतो आणि साक्षीपुरावे नंतर होतात. त्यानं जाहीर केलं, की टाकी गेली.

आता, ही टाकी आली कुठून? तिचं मूळ संगीतात नाहीच. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या इंजिनिअरांना लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर आवाज उशिरा कसा पोचतो आणि परतून कानावर कसा आदळतो, हे प्रयोगशाळेत बसून तपासायचं होतं. शेकडो मैल तार टेबलावर मावत नाही, स्प्रिंग मावते. म्हणजे ज्या पीडेचा अभ्यास करायला स्प्रिंग टेबलावर आली, तीच पीडा पुढे लोकांनी पैसे मोजून वाद्याला जोडून घेतली. ट्रंक कॉलवर ओरडून बोललेल्या मराठी पिढीला ही सोय फुकटात मिळाली होती, फक्त तिला 'इफेक्ट' म्हणतात हे माहीत नव्हतं.

टेलिफोनवरून ती वाद्याकडे आली लॉरेन्स हॅमंड यांच्यामुळे. हे शिकागोचे गृहस्थ मूळचे विजेच्या घड्याळांचे कारखानदार. पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबलही त्यांनी काढलं होतं. १९३५ मध्ये त्यांनी विजेचा ऑर्गन बाजारात आणला. स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता, पण वस्तू विकायला त्याची गरज पडत नाही. अडचण वेगळीच निघाली. गिऱ्हाइकाला ऑर्गन घरी नेता यायचा, चर्च नेता येत नसे. दिवाणखान्यातले गालिचे, पडदे आणि सोफे सगळा घुमारा पिऊन टाकायचे. मग हॅमंड कंपनीनं बेलची स्प्रिंग उचलली. सुरुवातीची यंत्रं चांगली माणसाच्या छातीपर्यंत येणारी, काही स्प्रिंगा तेलाच्या नळ्यांत बुडवलेल्या. हलवाहलवीत नळी कलंडली की तेल बाहेर. गालिचा स्वर पितो म्हणून आणलेलं यंत्र त्याच गालिच्याला तेलही पाजू शकत होतं.

१९६० च्या सुमारास हॅमंडच्याच लोकांनी आजची आडवी, कोरडी, स्वस्त टाकी तयार केली आणि गिटारवाल्यांचं फावलं. १९६१ मध्ये फेंडरनं तिची वेगळी पेटी विकायला काढली, त्याच वर्षी अँपेगचा रिव्हर्बरॉकेट आला, १९६३ मध्ये फेंडरच्या व्हायब्रोव्हर्बमध्ये टाकी थेट अ‍ॅम्पच्या पोटात शिरली आणि पाठोपाठ ट्विन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब आले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ बँडांनी तिला इतकं पिळलं, की तुटक वाजवलेल्या प्रत्येक स्वरामागे थेंब पडल्यासारखा आवाज यायला लागला. या गुणाला ते लोक 'ड्रिप' म्हणजे ठिबकणंच म्हणतात. पाणी नसलेल्या टाकीचा सर्वांत नावाजलेला आवाज शेवटी पाण्याचाच निघाला.

तिला हिणवण्याआधी पर्याय काय होते तेही बघावं. विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज केली तरी ती अनेकदा परत ऐकू येते, पण त्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि तो व्हॅनमध्ये चढत नाही. जर्मन ईएमटी कंपनीनं १९५७ मध्ये लाकडी पेटीत टांगलेल्या पोलादी पत्र्यावर घुमारा काढला. आवाज देखणा, वजन अंदाजे २७० किलो. त्या मानानं स्प्रिंगेची टाकी एका हातात मावते, आणि तीही रेक्झिनच्या पिशवीत घातलेली, डब्यासारखी.

आतली करामत साधी आहे. एका टोकाला तारेचं वेटोळं, त्याच्या चिमटीत स्प्रिंगेला चिकटवलेलं तांदळाएवढं चुंबक. गिटारचा विद्युतसंदेश वेटोळ्यात शिरला की चुंबक वळवळतं, स्प्रिंगेला पीळ बसतो आणि तो पीळ दुसऱ्या टोकाकडे धावतो. तिथलं दुसरं वेटोळं त्याची पुन्हा वीज करतं. पीळ तिथं थांबत नाही. आपटून परत येतो, पुन्हा जातो, दर खेपेला थकत जातो. चार स्प्रिंगांच्या टाकीत स्प्रिंगा दोन-दोनच्या जोड्यांत असतात. एका जोडीतून आवाज साधारण ३३ मिलिसेकंदांत पार होतो, दुसरीतून ४१. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. दोन्ही एकाच ठेक्यात परतल्या असत्या, तर दालनाऐवजी पाढे म्हणणारा वर्ग ऐकू आला असता. शिवाय वेगवेगळ्या उंचीचे स्वर स्प्रिंगेतून वेगवेगळ्या वेगानं जातात, म्हणून मोठा आघात केला की 'ब्वाँय' असा ओशाळवाणा आवाज येतो. जगातलं कुठलंही दालन असा आवाज काढत नाही. आणि गिटारवाल्यांना नेमका तोच हवा असतो. खोलीची नक्कल करायला बसलेलं यंत्र नकलेत नापास झालं, आणि त्या नापास होण्यावरच साठ वर्षं लोक लट्टू आहेत.

तर अशी ही टाकी बदलायची. दुकानात जाऊन 'एक रिव्हर्ब टाकी द्या' म्हणून भागत नाही, कारण प्रत्येक टाकीला एक सांकेतिक नंबर असतो, आणि तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वाचावा लागतो. आपल्या माणसाच्या टाकीवर होतं '४एबी३सी१बी'. त्यानं हे कागदावर उतरवलं, पाकिटात ठेवलं आणि पुढच्या पंधरा दिवसांत स्वतःच्या पॅन नंबरपेक्षा ते जास्त पाठ झालं.

पहिला ४ म्हणजे क्षेत्रफळ: पावणेसतरा इंच लांब टाकी, स्प्रिंगांच्या दोन जोड्या. ९ असता तर लांबी तीच पण जोड्या तीन, घुमारा दाट. ८ असता तर सव्वानऊ इंचांची आखूड टाकी, लहान अ‍ॅम्पांत मावणारी. त्यानंतरचा ए म्हणजे आत शिरणाऱ्या वेटोळ्याचा अवरोध, म्हणजे इम्पिडन्स, ८ ओहम. बी म्हणजे बाहेर पडणाऱ्याचा, २,२५० ओहम. ३ म्हणजे घुमारा लांबलचक, पावणेतीन ते चार सेकंद रेंगाळणारा. १ असता तर सव्वा ते दोन सेकंदांत आटोपला असता. सी म्हणतो की आत शिरणारं सॉकेट पत्र्यापासून अलग आहे आणि बाहेर पडणारं पत्र्याला जोडलेलं. हे चुकलं की घुमाऱ्याऐवजी 'हम्म्म' असा अखंड ओंकार सुरू होतो. पुढचा १ सांगतो की स्प्रिंगा बांधून ठेवायचं कुलूप नाही. शेवटचा बी म्हणजे टाकी आडवी निजवायची, उघडी बाजू खाली. हे अक्षर टाकीचं वास्तुशास्त्र, फक्त इथं दिशा चुकली तर खरोखरच फरक पडतो. स्प्रिंगा चुकीच्या बाजूला झोळ खातात आणि चुंबक आपली मधली जागा सोडतं.

यात खरी मेख ४ नंतरच्या अक्षराची. ए असलेली टाकी आणि ई असलेली टाकी दिसायला सख्ख्या जुळ्या बहिणी, पण एकीचा अवरोध ८ ओहम, दुसरीचा ६००. पहिली व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पात, छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत हाकली जाते, दुसरी चिपवर चालणाऱ्या अ‍ॅम्पात. अदलाबदल केली तर कुठंही धूर निघत नाही. फक्त एका ठिकाणी चिपला धाप लागते, दुसऱ्या ठिकाणी घुमारा इतका अशक्त येतो की आहे की नाही यावर घरात मतदान घ्यावं लागतं. त्यात भर म्हणजे हाच ए ८ किंवा ९ च्या टाकीवर असला की त्याचा अर्थ १० ओहम होतो. तालुका बदलला की गट नंबरही वेगळा वाचायचा, तसं.

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस गप्प बसत नाही, मल्टीमीटर काढतो. आपल्या माणसानं आत शिरणाऱ्या सॉकेटला मीटरच्या काड्या लावल्या. आकडा आला ०.८. पाहिजेत ८ आणि आले पाऊण! "शॉर्ट!" त्यानं विजयी मुद्रेनं सांगितलं. वास्तविक नंबरात लिहिलेले ८ ओहम मोजतात १,००० हर्ट्‌झच्या स्वरावर, आणि मीटर मोजतं बॅटरीच्या सरळ प्रवाहावर. त्या हिशेबानं ०.८ हा आकडा अगदी धडधाकट टाकीचा. दुसऱ्या सॉकेटवर सुमारे २०० ओहम दिसायला हवे होते. तिथं काडी लावण्याची त्याला गरजच भासली नाही. खुनी सापडल्यावर दुसऱ्या संशयिताची चौकशी कोण करतं?

मग तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत रेझिस्टरपासून कर्ण्यापर्यंत सगळं मिळतं, अशी पुण्यात श्रद्धा आहे, आणि ती बहुतेक वेळा खरी ठरते.

"रिव्हर्बची टाकी आहे का?"

"कसली टाकी?"

"स्प्रिंगेची. गिटारच्या अ‍ॅम्पची."

दुकानदारानं चष्मा कपाळावर नेला. "अहो, स्प्रिंगा कोण वापरतंय आता? पेडल घ्या. हॉल, प्लेट, चर्च, सगळं एका डबीत येतं. तुमची ती स्प्रिंगही येते."

दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. एका चिपमध्ये आता पोलादी पत्रा, मोठं दालन आणि स्प्रिंगेचा तो 'ब्वाँय' सगळं बसतं, वजन शंभर-दीडशे ग्रॅम, चापट मारली तरी वीज पडत नाही. पण गिटारवाल्याचा चेहरा असा झाला, की जणू देवघरासाठी त्याला प्लॅस्टिकची फुलं दाखवली. खोलीची नक्कल म्हणजे स्प्रिंग, आणि चिप म्हणजे त्या नकलेची नक्कल. त्याला अस्सल नक्कल हवी होती.

अस्सल नकलेतही पुन्हा अस्सल कोणती, यावर जाणत्यांत जे चालतं त्यापुढे हापूस देवगडचा की रत्नागिरीचा हा वाद फार सभ्य वाटतो. एक पंथ जुन्या गिब्जच्या टाक्यांचा. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलला हॅमंडसाठी बनलेल्या त्या टाक्यांत 'आत्मा' असतो म्हणे. दुसरा अ‍ॅक्युट्रॉनिक्सचा, इलिनॉयमधला. त्यात पोटपंथ: २००९ मध्ये कोरियाच्या बेल्टन कंपनीनं तो व्यवसाय घेण्याआधीचा माल आणि नंतरचा. तिसरे व्यवहारी लोक मॉडच्या चिनी बनावटीच्या टाक्या घेतात, निम्म्या वादात भाग घेत नाहीत आणि त्या वेळात गिटार वाजवतात. तिन्ही पंथांना डोळे बांधून बसवलं तर काय होईल, हा प्रयोग कुणी सुचवला की विषय तारांकडे वळतो.

जुन्या टाक्यांवरची एक चिठ्ठी मात्र सगळ्या पंथांना पाठ आहे. विस्कॉन्सिनमध्येच मिल्टन नावाचं गाव आहे. तिथल्या ओ. सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या टाक्यांवर छापलेलं असायचं, की हा माल मिल्टनमधल्या सुंदर मुलींनी नियंत्रित वातावरणात बनवलेला आहे. विनोद म्हणून छापलं असेल, पण त्यामुळे कित्येक प्रौढ माणसं आजही अ‍ॅम्पच्या पाठीमागे टॉर्च घेऊन पालथी पडतात आणि विचारलं तर सांगतात, "नंबर बघतोय."

शेवटी त्यानं परदेशातून टाकी मागवली. टाकीची किंमत तिकडे वीस-तीस डॉलर, पाठवणावळ जवळजवळ तेवढीच. वस्तूचं वर्णन लिहायच्या रकान्यात 'टँक' हा शब्द घालावा की नाही, यावर त्यानं एक अख्खी संध्याकाळ घालवली. पार्सल आल्यावर ते कानाशी धरून हलवलं. आतून बारीक किणकिण ऐकू आली आणि त्याचे डोळे भरून आले, असं बायको सांगते. तो नाकारतो.

बसवायचं काम सोपं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची मुख्य पेटी उघडावी लागत नाही, आणि ते फार बरं आहे, कारण त्या पेटीतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चारशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसू शकतात. इथं फक्त पिशवीतली जुनी टाकी काढायची, नवी घालायची आणि दोन तारा खोचायच्या. त्यानं खोचल्या. घुमारा नाही. दोन तारा, दोन सॉकेटं, आणि त्यानं नेमक्या उलट्या खोचल्या होत्या. सरळ केल्यावर घुमारा आला, पण सोबत 'हम्म्म'ही आला. टाकीतून बाहेर पडणारा संदेश इतका क्षीण असतो, की त्याला पुढे प्रचंड फुगवावं लागतं, आणि शेजारी वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याची कुरकुरही सोबत फुगते. उपाय एका ओळीचा: टाकी फिरवून बाहेर पडणारं टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्यायचं. ही ओळ सापडायला त्याला रात्रीचा दीड वाजला. त्यानं टाकी फिरवली, बटण चारावर ठेवलं आणि सगळ्यांत जाड तार छेडली. स्वर उठला, भिंतीपलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "एवढ्या रात्री बाथरूममध्ये बसून काय वाजवतोयस रे?"

याहून मोठी दाद त्याला आजवर मिळालेली नाही.

जुनी टाकी मात्र घरात अडगळ झाली. रविवारी ती घेऊन तो पुन्हा तपकीर गल्लीत गेला, भंगारात तरी कुणी घेतं का बघायला. कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं टाकी उलटी केली, मीटर काढलं आणि काडी थेट दुसऱ्या सॉकेटला लावली. काटा हलला नाही. मग त्यानं भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं. वेटोळ्यापासून सॉकेटपर्यंत येणारी केसाइतकी तार टाक्यापाशी सुटून लोंबत होती. सोल्डरिंगचं आयर्न तापलेलंच होतं. एक थेंब कथील, एक फुंकर. काटा सरसरत दोनशेपाशी जाऊन थांबला.

"वीस रुपये द्या," तो म्हणाला. "चांगली आहे की साहेब, टाकताय कशाला?"

आपला माणूस तिथंच स्टुलावर बसला. एका मांडीवर टाकी, दुसऱ्या मांडीवर मोबाइल. ४एबी३सी१बी नंबरची टाकी हाताशी असताना तिला साजेसा जुना अ‍ॅम्प पुण्यात कुणी विकतोय का, हे तो शोधायला लागला होता.